लग्नाच्या वाढदिवसाला चार किल्ले? दोनच घ्या

२७ डिसेंबरला आमच्या लग्नाला २८ वर्षं झाली. लेकीने बंगळुरूहून परस्पर एक ‘किल्ले स्पेशल’ सहल बुक करून टाकली. ठाण्यातलीच लहानशी टूर कंपनी. घरापासून गाडी, सोबत गाईड, जेवण, केक, दोघांचे मिळून ६,८०० रुपये. नाव लिहीत नाही. पोरं नवीन आहेत, आणि पुढे लिहिलंय ते सगळंच गोड नाही.

यादीत चार किल्ले होते: ठाणे, घोडबंदर, वसई आणि नवी मुंबईतलं बेलापूर. यादी वाचून ह्यांनी पहिला प्रश्न टाकला, “बेलापूर वसईच्या कुठल्या अंगाला आलं?” माणूस उभा जन्म पीडब्ल्यूडीत इंजिनिअर होता, ह्यांना नकाशा शिकवायचा नाही. मी म्हटलं, अहो, लेकीने प्रेमाने पाठवलंय, गप्प बसा. बसले. संध्याकाळपर्यंत.

गाडी चरईत साडेसातला यायची ती आठ दहाला आली. गाईड वसईचा मुलगा, घरी कादोडी बोलणारा. म्हणजे वसईचा पोरगा पहाटे उठून ठाण्याला आला, आम्हाला घ्यायला आणि परत वसईला न्यायला. हेही कंपनीचंच डोकं. मला पहिल्या वाक्यापासून ‘काकू’ म्हणाला, ते सोडून दिलं.

ठाण्याचा किल्ला म्हणजे आपला तुरुंग. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमाराला बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, मग इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला तो आजतागायत. आत जायचा प्रश्नच नाही, आणि तशी कुणावर वेळ न येवो. बाहेरूनच पाच मिनिटं. ज्या भिंतीजवळून मी इतकी वर्षं रिक्षाने जाते, तिच्याकडे बघत त्याने त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या बाजीरावाचे हे कारभारी इंग्रजांनी इथे डांबले होते. खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याची निगा करता करता गाणी म्हणायचा. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कुठे कळतंय? निरोप गाण्यातून पोचला आणि १८१६ मध्ये त्रिंबकजी पसार. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगऱ्यांना फाशी दिली तीही इथेच, २ मे १८४८ ला. हे सांगताना त्याने आवाज खाली आणला. गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

पुढे घोडबंदर रोड. ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. गायमुखला तासभर एका टँकरच्या मागे. घोडबंदरच्या किल्ल्यावर त्यामुळे २० मिनिटं मिळाली, त्यात खाडी बघितली, एक फोटो काढला, चला.

वसईला मात्र पैसे वसूल. भुई दरवाजाने आत शिरलो. पहिलं दार ओलांडलं की वाट काटकोनात वळते. हे लगेच थांबले. “हत्तीला धाव घ्यायला जागा ठेवलेली नाही,” म्हणाले आणि भिंतीच्या चुन्यावर बोट फिरवत बसले. गाईड शहाणा, त्याने घाई केली नाही. उलट ह्यांनाच कमानीबद्दल विचारलं. पाठ केलेलं भाषण मध्येच थांबवता येणारा गाईड मी पहिल्यांदा बघितला.

मग फ्रान्सिस्कन चर्च. छप्पर कधीच गेलंय, खालच्या फरशीत थडग्यांचे दगड आहेत. एका दगडाशी तो उकिडवा बसला, बाटलीतलं थोडं पाणी ओतलं, हाताने पसरवलं. कोरडं असताना नुसते ओरखडे दिसत होते, ओलं झाल्याबरोबर अक्षरं वर आली. पोर्तुगीज मोडकंतोडकं लावत त्याने वाचलं: ही कबर अमक्याची, त्याच्या बायकोची, आणि वारसांची. हे म्हणाले, “अगं, हा तर सातबारा!” मी म्हटलं, निदान बायको दुसऱ्या नंबरवर तरी लावलीय, आपल्या फ्लॅटच्या कागदावर माझं नाव चढायला नऊ वर्षं लागली. पाणी सुकेपर्यंत आम्ही तिघंही तिथेच.

तारखांचीही गंमत त्यानेच सांगितली. गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली तो तह २३ डिसेंबर १५३४ चा. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला तो ३१ डिसेंबर १८०२ चा. आणि आमचा २७ चा, दोन्हींच्या मधला. “अटी कुणी घातल्या?” असं त्याने विचारल्यावर ह्यांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

दोन्ही तह आपल्याला न परवडलेले. मधला मे १७३९ तेवढा आपला. चिमाजीअप्पांनी वसई घेतली, इथल्या चर्चच्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. त्यातली एक आम्ही वाईजवळ मेणवलीला बघितली होती. तेव्हा नुसती मोठी घंटा म्हणून बघितली. आता ती मनातल्या मनात ह्या रिकाम्या मनोऱ्यात टांगून बघितली.

आता केक. कंपनीने किल्ल्यातच फुग्यांची कमान आणि पाटी असं ‘सरप्राईज’ ठरवलं होतं. आजूबाजूला तीन प्री-वेडिंग शूट चालू, एक नवरी तर झाडाच्या मुळांत अडकलेला घेर सोडवत होती. पन्नाशीनंतर मला हे जमणार नाही, आणि पडक्या चर्चमध्ये मेणबत्त्या फुंकणं बरंही वाटेना. ड्रायव्हरने फुगे डिकीत कोंबले. केक गाडीच्या बॉनेटवर कापला, गाईड, ड्रायव्हर आणि सुके बोंबील घेऊन चाललेल्या दोन मावशी, सगळ्यांनी खाल्ला. केक चांगला होता, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

जेवण नाही. कागदावर ‘कोळी पद्धतीची थाळी’ होती. प्रत्यक्षात दुपारी तीनला हायवेवरच्या ढाब्यात पनीर. समोर बंदर, आणि पनीर! हे मी फोन करून मालकाला ऐकवलं, त्याने ‘मॅडम, कोऑर्डिनेशन’ वगैरे सुरू केलं.

बेलापूर अर्थातच झालं नाही. ठाण्यातच अंधार पडला. हे तेव्हा बोलले, आणि पुष्कळ बोलले. ८०० रुपये परत मिळाले, तीन फोन आणि नऊ दिवसांनी.

तर माझे गुण: गाईडला पाचपैकी पाच, आखणीला दोन. बुक करणार असाल तर सांगा की ठाणे बाहेरून दाखवा आणि सरळ वसईला चला, बाकी काही नको. सकाळी साडेसहाला निघा. जेवण आपलं आपण बघा. बायकांनी किल्ल्यात शिरण्याआधी हॉटेलातच बाथरूमला जाऊन घ्यावं. आणि गाईड तोच वसईचा मागून घ्या, बाकीचे कसे आहेत मला ठाऊक नाही.

राहिलेलं बेलापूर आम्ही पुढच्या रविवारी स्वतःच उरकलं. ठाण्याहून पनवेल लोकल, बेलापूरला उतरून रिक्षा. सिद्दींनी बांधलेला, मग पोर्तुगीज, १७३३ ला चिमाजीअप्पा, १८१७ ला इंग्रज. एवढ्या सगळ्यांतून एक बुरूज उरलाय. रिक्षावाल्याला म्हटलं, किल्ल्यावर सोडा. तो म्हणाला, “किल्ला जंक्शन ना? तिथे किल्ला कुठाय?” ह्यांनी त्याला उतरवलं आणि बुरुजापर्यंत चालवत नेलं. मीटर चालूच होतं.