बोचियाचा संच, शाळेतच बनवलेला रॅम्प आणि विशेष शाळेचा क्रीडादिन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल, मग तपशील. विशेष शाळेला खेळाचं एकच साहित्य घेता येणार असेल तर बोचियाचा संच घ्यावा. पण पैसे देण्याआधी आपली फरशी बघून घ्यावी. आठवड्याला तीन तासिका आणि मध्ये एक पूर्ण क्रीडादिन, असा आठ महिने वापर झाला. चेंडूंबद्दल तक्रारी थोड्याच आहेत. जे फसलं ते बहुतेक चेंडूंच्या आजूबाजूचं होतं: जमीन, चेंडू घरंगळवायचा उतरता रॅम्प, वेळापत्रक आणि अतिउत्साही मोठी माणसं.

खेळ नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात. संचात १३ चेंडू असतात: ६ लाल, ६ निळे आणि १ पांढरा. पांढऱ्याला जॅक म्हणतात. एका बाजूने जॅक टाकायचा आणि मग आपला पहिला रंगीत चेंडू. त्यानंतर समोरच्याचा पहिला. पुढे ज्याचा चेंडू जॅकपासून लांब, त्याची पाळी. डावाच्या शेवटी समोरच्याच्या सर्वांत जवळच्या चेंडूपेक्षा आपले जितके चेंडू जॅकजवळ, तितके गुण. चेंडू फेकता येतो, घरंगळवता येतो, पायाने ढकलता येतो आणि हातपाय साथ देत नसतील तर रॅम्पवरून सोडता येतो. तीव्र सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या खेळाडूंसाठी घडलेला हा खेळ १९८४पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. दृष्टिहीनांच्या गोलबॉलसारखाच त्यालाही ऑलिम्पिकमध्ये जोड नाही. धावण्याच्या शर्यतीला चाकं लावून तो तयार झालेला नाही, आणि फरक तिथेच पडतो. शाळेतल्या शर्यतीत व्हीलचेअर बऱ्याचदा मागून दुसरंच कोणी ढकलत असतं आणि टाळ्या मात्र मुलाला मिळतात. इथे चेंडू कुठे जावा हे मूल स्वतः ठरवतं, आणि तो चुकला तर चूकही त्याचीच असते.

चेंडूंबद्दल. नियमाप्रमाणे वजन २७५ ग्रॅम, १२ ग्रॅम इकडेतिकडे, आणि परीघ २७० मिलिमीटर, ८ मिलिमीटर इकडेतिकडे. संच आला त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तेराही चेंडू तोलून घ्या. २६३ ते २८७ ग्रॅमच्या बाहेरचा चेंडू परत करायचा असेल तर तो शिवण मळण्याआधी. आत प्लास्टिकचे बारीक दाणे असतात, बाहेर चामडं किंवा कृत्रिम चामडं. दाणे किती ठासून भरलेत आणि आवरण कसं आहे यावर चेंडू मऊ की कडक ते ठरतं. मऊ चेंडू पडेल तिथे बसतो, बोटांत नीट धरता येतो आणि जॅकजवळ टेकवायला उत्तम. कडक चेंडू लांब जातो, सरळ जातो आणि रॅम्पला तोच लागतो. मऊ चेंडू रॅम्पवरून उतरताना चपटा होतो, अर्ध्यात दमतो आणि कुठेही वळतो. शाळेसाठी मध्यम घ्या, म्हणजे दोन्हीकडे निभतं. सगळे मऊ घेतले तर रॅम्पवाली मुलं पहिल्याच दिवसापासून मागे पडतात.

आठ महिन्यांत दोन चेंडूंची शिवण उसवली. सुरुवात नेहमी तीन तुकडे मिळतात त्या टोकाशी होते. एक टाका सुटला की थांबा, चेंडू बाजूला काढा, वाकड्या सुईने आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवा. "आजचा तास होऊ दे" म्हटलं की दाणे सांडतात, आणि ते दाणे वाटतात तेवढे निरुपद्रवी नाहीत. वॉकरने चालणाऱ्या मुलाच्या पायाखाली आले तर पाय घसरतो, आणि सगळं तोंडात घालणाऱ्या मुलासाठी तर ते धोक्याचेच. लाळ, घाम, धूळ यासाठी ओलसर पिळलेलं फडकं पुरतं. चेंडू भिजवू नका, धुण्याच्या यंत्रात तर अजिबात नको. चामडं आकसतं आणि आतले दाणे लवकर वाळत नाहीत. पुसून सावलीत ठेवा. पांढरा जॅक चौथ्या महिन्यात राखाडी झाला आणि फिकट फरशीवर दिसेनासा झाला. जॅक सुटा मिळत असेल तर पहिल्या खरेदीतच एक जास्तीचा घ्या.

लाल-निळ्याची निवड मात्र सोयीची आहे. लाल-हिरव्याचा गोंधळ होणाऱ्या मुलांनाही हे दोन रंग वेगळे कळतात. अडचण मंद उजेडात येते, तिथे गडद निळा काळ्यासारखा दिसतो. कमी दृष्टीच्या मुलासाठी जॅकमागे उभं राहून दोन टाळ्या वाजवायच्या म्हणजे त्याला दिशा मिळते. डाव कुठे आहे हे सांगायला पुठ्ठ्यावर दोरी चिकटवून मैदानाचा छोटा आराखडा करा आणि चेंडूंच्या जागी बटणं ठेवा. मूल बोटांनी चाचपून बघतं आणि मगच फेकतं. यात वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

आता रॅम्प, कारण खरं शिक्षण इथे झालं. विकतचे रॅम्प चांगले असतात, पण सुरुवातीला पाण्याचा पीव्हीसी पाइप उभा चिरून काम भागतं. चेंडूचा व्यास साधारण ८६ मिलिमीटर. ९० मिलिमीटरच्या पाइपात तो घासतो, म्हणून ११० मिलिमीटरचा घ्या, साधारण दोन मीटर, एकाच तुकड्याचा. जोड दिला की जोडावर चेंडू उडतो. कापलेल्या कडा काचकागदाने घासल्याशिवाय मुलांजवळ नेऊ नका. ११० मध्ये चेंडूला दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा राहते, त्यामुळे तो मधोमध ठेवला नाही तर नागमोडी उतरतो. यावर दोन उपाय आहेत. वरच्या टोकाला फेसच्या दोन छोट्या पट्ट्या लावून चेंडू मधे बसेल अशी खाच करा. नाहीतर पाइप सोडून पाच सेंटिमीटर अंतरावर दोन समांतर गोल दांड्या वापरा, चेंडू त्या दोघींवरून रुळावरच्या गाडीसारखा येतो. दुसरी पद्धत करायला किचकट, पण नेम जास्त पक्का.

सगळ्यात जास्त बिघडतं ते खालचं टोक. पाइप जमिनीपासून एखादा सेंटिमीटर जरी वर राहिला तरी चेंडू धपकन पडतो, उसळतो आणि दिशा सोडतो. टोक तिरकं कापा आणि कड पातळ होईपर्यंत घासा. उभं करायला जड पाया हवा. हलक्या स्टँडला मुलाच्या हाताचा झटका लागला की सगळं आडवं. नियमात रॅम्प आडवा ठेवल्यावर अडीच मीटर बाय एक मीटरच्या जागेत मावायला हवा. पुढे स्पर्धेला जायचा विचार असेल तर हे माप आतापासून पाळा. आणि पाइप उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका, तो केळ्यासारखा वाकतो.

उंचीचा हिशेब सोपा आहे. चेंडू जितक्या उंचीवरून सुटतो, साधारण त्या प्रमाणात लांब जातो. उंची दुप्पट, अंतरही जवळपास दुप्पट. म्हणून रॅम्पवर दर दहा सेंटिमीटरला वेगळ्या रंगाची पट्टी लावली. बोलता न येणारं मूल रंगाच्या पट्ट्यांच्या तक्त्यावर नजरेने किंवा बोटाने रंग दाखवतं आणि सहायक चेंडू तिथे नेतो. पंधरा दिवसांत मुलं स्वतः अंदाज बांधायला लागतात. ही खूण फक्त त्याच फरशीवर खरी असते. वर्गातून सभागृहात गेलात की पहिली दहा मिनिटं नुसते सरावाचे चेंडू सोडायचे.

सहायकाचा नियम शाळेतही कडक पाळावा असं आमचं ठाम मत आहे. रॅम्प धरणाऱ्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं, मागे वळून बघायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. मुलाने "डावीकडे" सांगितलं की रॅम्प डावीकडे, मग ते कितीही चुकीचं वाटो. चेंडू सोडताना शेवटचा स्पर्श मुलाचाच, हाताने, डोक्याला बांधलेल्या दांडीने किंवा तोंडात धरलेल्या काडीने. शिक्षकांना आणि पालकांना हे सर्वांत अवघड जातं. पाठ फिरवून बसलेला मोठा माणूस आठ मिनिटांत तीनदा चोरून बघतो.

हाताने फेकणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी. स्नायू ताठर असतील तर चेंडू धरणं जमतं, सोडणं जमत नाही, मूठ उघडतच नाही. मनगट थोडं आतल्या बाजूला वाकवलं की बोटं सैल होतात. फिजिओथेरपिस्टकडून प्रत्येक मुलाची बसण्याची ढब ठरवून घ्या: खुर्चीचे ब्रेक लावलेले, कंबरेचा पट्टा बांधलेला, पाय टेकलेले. लटकत्या पायांनी फेकलेला चेंडू अर्ध्या मैदानातही पोहोचत नाही, आणि दोष हाताला दिला जातो. आणखी एक: अशा मुलांना अचानक आवाज झाला की सगळं अंग दचकतं. नेमक्या त्या क्षणी कोणी "शाब्बास!" ओरडलं की चेंडू भलतीकडे. म्हणून फेकताना शांतता, कौतुक नंतर.

पूर्ण मैदान १२.५ मीटर बाय ६ मीटर, त्यात प्रत्येकी एक मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल असे, खेळाडूंनी बसून फेकायचे सहा कप्पे. जॅकने ओलांडायची इंग्रजी व्ही आकाराची रेषा असते: फेकीच्या रेषेपासून, म्हणजे कप्प्यांच्या पुढच्या कडेपासून, मैदानाच्या बाजूंना ३ मीटर, मधे दीड मीटर. हे सगळं आखायला साधारण ६४ मीटर चिकटपट्टी लागते. म्हणजे ५० मीटरचं एक बंडल अर्ध्या रात्री संपतं आणि दुकान बंद असतं. शाळेसाठी ८ बाय ४ मीटर आणि चार कप्पे पुरे, त्याला ४१ मीटरच्या आत भागतं. कापडी पट्टी महिनाभर राहिली की फरशीवर डिंक सोडते, आणि तिची उचललेली कड व्हीलचेअरच्या पुढच्या लहान चाकात अडकते. काढताना जमिनीलगत, हळू ओढा. गवतावर खेळूच नका. फरशांच्या खोल सांध्यांवरही चेंडू सांध्याला धरून पळतो. सपाट लादी, लाकडी किंवा व्हिनाइलची जमीन चालते.

क्रीडादिनाचा धडा हा गणिताचा आहे. रॅम्प नसलेला एक डाव, चेंडू गोळा करण्यासह, साधारण दहा मिनिटं घेतो. रॅम्पवाला पंधरा. २४ मुलं, एकास एक, दोन-दोन डाव धरले तर १२ सामने आणि प्रत्येकी २५ मिनिटं, म्हणजे एका मैदानावर ५ तास. तेवढा वेळ वाट बघणं कोणत्याच मुलाला झेपत नाही. तीन-तीन जणांचे संघ केले, प्रत्येकाला दोन चेंडू, तर चार सामन्यांत २४ मुलं खेळतात आणि दोन तासांत संपतं. स्पर्धेच्या नियमात वैयक्तिक सामना चार डावांचा आणि सांघिक सहा डावांचा असतो. शाळेत दोनच ठेवा.

संघ पाडताना निदानाची चिठ्ठी बघू नका, सरावातले गुण बघा. स्पेशल ऑलिम्पिक्समध्येही वय आणि क्षमतेनुसार गट पाडतात, त्याचं कारण हेच: चुरस जवळची असली की हरणाऱ्यालाही परत खेळावंसं वाटतं. सगळ्यांना एकसारखं पदक देण्याच्या पद्धतीबद्दल आमचं मत चांगलं नाही. कोण जिंकलं हे मुलांना नेमकं कळतं, आणि एकसारखं पदक हातात आल्यावर ती एकमेकांकडे बघतात.

शिट्टीऐवजी झेंडा वापरा. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवले की आवाज न सोसणारी स्वमग्न मुलंही प्रेक्षकांत बसू शकतात. फुगे टाळा. फुटण्याच्या आवाजामुळे तर आहेच, पण स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) असलेल्या मुलांत लेटेक्सची, म्हणजे फुग्याच्या रबराची, ॲलर्जी बरीच आढळते. वाट बघणाऱ्यांसाठी फोटोंचा क्रमफलक लावा आणि झालेल्या सामन्याचा फोटो मुलानेच काढून खोक्यात टाकायचा. "अजून पाच मिनिटं" हे शब्द काही मुलांना काहीच सांगत नाहीत, रिकामा होत जाणारा फलक सांगतो.

खरा फायदा क्रीडादिनाच्या बाहेर दिसला. मोठ्या वर्गातली मुलं गुण मोजायला शिकली. जवळ-लांब ठरवायला लोंबणाऱ्या पोलादी फितीपेक्षा ताणलेली सुतळी बरी, कारण फीत चेंडूला धक्का देते. भावंडं आणि शेजारच्या शाळेतली मुलं आली की मिश्र संघ करायचे, पण पाहुण्यांना मुद्दाम हरायला सांगायचं नाही. त्यांना बसूनच खेळायला लावा, मग बरोबरी आपोआप होते. दोन्ही रंगांचे चेंडू अगदी समान अंतरावर आले तर दोघांना एकेक गुण, आणि या निकालावरून दोन शाळांची मुलं एकत्र जमिनीवर पालथी पडून वाद घालतात. त्या वादात मोठ्यांनी पडू नये.

किरकोळ तक्रारी: संचाच्या पिशवीची चेन तिसऱ्या महिन्यात गेली. तेरा चेंडूंची पिशवी साडेतीन किलोंची होते. ती व्हीलचेअरच्या मागच्या दांड्याला अडकवू नका, हलकं मूल असेल तर खुर्ची मागे कलते. तास संपताना तेरा मोजूनच पिशवी बंद करा. पुढच्या खरेदीच्या यादीत आमच्याकडे एवढंच आहे: एक जॅक, दोन कडक चेंडू, वाकड्या सुया आणि ५० मीटरची दोन बंडलं.