काळ्या कागदावर देवचार: पांढरी जेल पेनं आणि काळं पॅड, तीन महिने वापरून

जूनमध्ये पाऊस लागला, घरात बसून करायचं काय म्हणून पणजीला अठरा जून रस्त्यावरच्या एका दुकानातून काळं स्केचपॅड, साकुरा कंपनीच्या जेली रोलची तिन्ही पांढरी पेनं (०५, ०८, १०) आणि एक पांढरी चारकोल पेन्सिल घेऊन आलो. डोक्यात एकच चित्र होतं, देवचार, म्हणजे आमच्या गोव्यातला गावाचा अदृश्य राखणदार. आजी डिचोलीची, ती सांगायची की तो रात्री दांडा आणि पेटती चूड घेऊन गावाची शीव राखत फिरतो, आणि तो दिसत नाही रे, चूड तेवढी दिसते. पांढऱ्या कागदावर मी हे तीनदा काढलंय आणि तिन्ही वेळा घोंगडी घेतलेला एक म्हातारा आला, ज्याला बघून घाबरायच्या ऐवजी बसा, चहा घ्या म्हणावंसं वाटतं.

काळ्या कागदावर अंधार आयताच मिळतो, आपण काढायचा तो उजेड. पण हे हाताला कळायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी सवयीने सगळीकडे आउटलाइन मारली आणि ते शाळेत फळ्यावर खडूने काढल्यासारखं झालं. मग देवळात काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर समईचा उजेड कसा पडतो ते आठवलं, एक गाल, नाकाची कड, बाकी सगळं गायब. तसंच केलं, चुडीच्या बाजूची बोटं, दांड्याची एक कड आणि पायाखालच्या गवताची टोकं, चेहरा कोराच सोडला. बायको म्हणाली डोळे कुठे आहेत, आणि मग म्हणाली रात्री ते पॅड पालथं ठेव.

पेनांचं सांगतो. जेल पेन ही भानगडच मुळात जपानच्या साकुराची, १९८४ची. पेनावरचा नंबर आतल्या बॉलचा असतो, रेघ त्याहून बारीक येते, म्हणजे ०५ची ०.३ मिमी, ०८ची ०.४ आणि १०ची ०.५. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते जड, खाली बसतं, म्हणून कुठलंही पांढरं पेन काळ्यासारखं भरभर ओढायचं नाही, हात सावकाश आणि दाब कमी. जिथे झगझगीत पांढरं पाहिजे तिथे पहिला थर वाळू द्यायचा आणि वरून दुसरा, मग चूड खरंच पेटते. करडा रंग पांढऱ्या जेलने थेट येत नाहीच, तो ठिपक्यांनी नाहीतर बारीक रेघांनी आणायचा, धुकं पाहिजे तर चारकोल पेन्सिल बोटाने पुसायची. पण आधी पेन, मग पेन्सिल. मी उलटं केलं आणि भुकटीवर पेन अडकायला लागलं.

याआधी ऑनलाइन मागवलेला एक स्वस्तातला सेट होता, नाव नको, लिहिताना पांढरा आणि वाळल्यावर राखाडी निळसर. ते पैसे गेले.

आता पॅडची तक्रार. कागद जाड आहे, पेनाने दबत नाही, पण बोटाचं तेल लगेच दिसतं आणि आपल्या हवेत शाई वाळायला एवढा वेळ लागतो की तळहाताखाली कोरा कागद धरला नाही तर सगळं फरफटतं. त्यात जुलैमध्ये कपाटात ठेवलेल्या तीन पानांवर बुरशी आली, आणि वाईट म्हणजे ती पांढरीच, एका चित्रात ती धुक्यासारखी दिसते म्हणून तशीच ठेवलीय! आता पॅड प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. मोबाइलवर फोटो काढताना एक्स्पोजर खाली ओढा, नाहीतर कॅमेरा काळ्याचा करडा करतो आणि सगळी भीती जाते.

एका पेनाच्या पैशात म्हापशात पोटभर भाजी-पाव होतो, त्यामुळे तिन्ही घेऊ नका. ०८ आणि १० पुरे. माझं ०५ केसांपुरतं निघतं, तेही दाढीवाला काढत असेन तर. पुढचं चित्र वेताळाचं, गोव्यातल्या काही जुन्या मूर्तींच्या पोटावर विंचू कोरलेला असतो ना तसा, आणि यावेळी उजेड फक्त विंचवावर टाकणार आहे.