मीटर ‘पीं’ वाजला आणि मी पैसे मोजले

प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने फसवलं, ५,७०० रुपये गेले. सगळे आधी तेच विचारतात म्हणून हिशेब सांगून टाकतो: तपासणीचे १,४५०, ‘गोल्ड कोटिंग’चे २,३५० आणि नव्या हेडसाठी (कागदावर शाई सोडणारा भाग) आगाऊ १,९००. हेड आलं नाही. फोन लागत नाही.

तक्रार काय, तर इंकजेट प्रिंटर हेड ओळखत नव्हता. ‘पॉइंटवर करंट पोचत नाही,’ असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. म्हणूनच तर फसलो! मग त्याने हेड काढून मागच्या सोनेरी ठिपक्यांवर, म्हणजे करंट घेणाऱ्या त्या पॉइंटवर, राखाडी, चकचकीत पेस्ट बोटाने फासली. एकाच फटक्यात, सगळ्यांवर. मल्टिमीटरची टोकं शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांना लावली. पीं! ‘बघा, आता करंट खेळतोय.’

मी मान डोलावली. अजून तो आवाज आठवला की कानशिलं तापतात. शेजारचे ठिपके एकमेकांशी बोलायला लागले म्हणजे कनेक्शन सुधारलं नाही, शॉर्ट झालं! मधली फट उगाच ठेवलेली नसते. बल्ब-बॅटरीचा प्रयोग मीही केलाय शाळेत. पण दुसऱ्या दिवशी ६२ पानं द्यायची होती, आणि हातात मीटर असलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

प्रिंटर सुरू केला, जळका वास आला. हेड गेलं, बोर्डही गेला. यावर त्याचं उत्तर तयार: ‘हेड आधीच खराब होतं, नवीन मागवतो.’ आणि मी १,९०० दिले. हसा.

मुळात ठिपक्यांवर शाई वाळली होती, एवढंच. प्लग काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, हेडचे ठिपके आणि समोरच्या पिना हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. खोडरबर घासू नका, सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. चपटी केबल ओढू नका, आधी खटका उघडा. आणि पेस्ट कसलीच नको!

पोलीस म्हणाले, पैसे तुम्हीच राजीखुशीने दिलेत. बँकेचंही तेच. ग्राहक मदत केंद्राला बिल हवं. फसवणारा बिल देतो का हो? तीनदा फोन केला, तिन्ही वेळा पहिल्यापासून गोष्ट सांगायला लावली. सर्व्हिस सेंटरने मात्र तत्परतेने लिहून दिलं: ‘बाहेरील पेस्ट आढळली, वॉरंटी रद्द.’ अख्ख्या प्रकरणात माझ्याकडे असलेला लेखी कागद तेवढाच.