घराआधी रस्ते बघा: जाळी की बंद गल्ली?

वाढत्या शहराच्या कडेला घर बघताय? पर्याय बहुधा दोन असतात. एक, रस्ते एकमेकांना छेदत जाणारी वसाहत, म्हणजे जाळी. दुसरी, एकाच फाटकातून आत शिरणारी बंद गल्ल्यांची कॉलनी. खोल्या, ऊन-वारा नंतर बघा. घर पाडून नवं बांधता येतं, पण रस्त्यांची आखणी पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या विस्ताराचा, सेर्दा या अभियंत्याने केलेला आराखडा १८५९ सालचा आहे. त्यातल्या सुमारे ११३ मीटरच्या चौरसांवर शहराचा तो भाग आजही उभा आहे.

चालण्यात जाळी सरळ जिंकते. काटकोनी जाळीत एका चौकातून दुसऱ्या चौकात जायला हवाई अंतराच्या फार तर १.४ पट चालावं लागतं. बंद गल्ल्यांत मात्र दोन घरांची मागची भिंत एकच असली, तरी एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जायला मुख्य रस्त्यावरून मोठा वळसा पडतो. मग कोपऱ्यावरच्या कामालाही गाडी निघते, आणि सगळ्यांच्या गाड्या त्याच एका तोंडाशी येऊन अडकतात. बसही आत येत नाही.

शांततेत बंद गल्ली उजवी. परकी वाहनं नाहीत, पोरं दारात खेळतात. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांना हे हवंसं वाटणारच, त्यात काही चूक नाही. पण ही शांतता वळसा न घेताही मिळू शकते. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रॅडबर्न या वसाहतीत १९२९ साली गल्ल्या गाड्यांसाठी बंद ठेवल्या, पण पायवाटा बागेतून पलीकडे नेल्या. पुढे असंख्य वसाहतींनी बंद गल्ली तेवढी उचलली, पायवाट सोडून दिली. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

नुसती जाळी दिसली म्हणूनही हुरळू नका. अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहराच्या मध्यभागी चौक साधारण ६० मीटरवर येतो, सॉल्ट लेक सिटीत २०० मीटरवर. दोन्हीकडे जाळीच, पण पायांना फरक कळतो.

माझा कौल जवळजवळ चौक असलेल्या जाळीला. बंद कॉलनीच आवडली असेल, तर आधी तिच्या कुंपणभिंतीला एक फेरी मारा. कुठे भिंतीशी दोन विटा रचलेल्या असतील, वरचा गिलावा हाताच्या घासण्याने गुळगुळीत झाला असेल, तर माणसांना रोज तिथूनच जायचं आहे. त्या जागी पायी जाण्यापुरतं फाटक मिळेल का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा.