नमुना सुती, गठ्ठा पॉलिस्टरचा: हळदीच्या साड्या एकगठ्ठा घेताना

हळदीला घरातल्या सगळ्या बायकांनी एकसारखी पिवळी साडी नेसायची पद्धत आता गावोगावी रुजली आहे. वीस-पंचवीस साड्या एकदम लागतात, मुहूर्त ठरलेला असतो, माल परत करून दुसरा आणायला वेळ नसतो. फसवणारा नेमका याच घाईवर धंदा करतो.

एका लग्नघरी 24 साड्यांची ऑर्डर गेली. पिवळं अंग, लाल काठ, दर 850 रुपये. दुकानात दाखवलेला नमुना खरोखर मऊ सुती होता. निम्मे पैसे, म्हणजे 10,200 रुपये, आगाऊ घेतले गेले. गठ्ठा आला हळदीच्या पाच दिवस आधी. वरच्या दोन साड्या नमुन्यासारख्या, खालच्या बावीस चकचकीत आणि हाताला सटकणाऱ्या. पण घरच्यांनी वरच्याच उघडून पाहिल्या, उरलेले पैसे दिले आणि ब्लाऊजपीस शिंप्याकडे धाडले. नऊ कापले गेल्यावर शिंपीच म्हणाला, ‘कापड वेगळंय.’ दुकानदाराचं उत्तर तयार होतं: कापलेला माल परत नाही. बिलावर तर फक्त ‘फॅन्सी साडी, 24 नग’ एवढंच लिहिलेलं. सुती हा शब्दच नाही, मग वाद कशावर घालणार?

‘फॅन्सी साडी’ हे दोन शब्द बिलावर दिसले की तिथेच थांबा. बिलात कापड लिहून घ्या: सुती, रेशमी, जे सांगितलं असेल ते. ‘कॉटन सिल्क’ या नावावर तर अजिबात विसंबू नका. त्या नावाखाली निव्वळ पॉलिस्टर सर्रास विकलं जातं. नमुन्याच्या ब्लाऊजपीसचा दोन इंची तुकडा कापून बिलालाच स्टेपल करा आणि त्यावर दुकानाचा शिक्का घ्या. प्रामाणिक दुकानदार याला नाही म्हणत नाही.

गठ्ठा आला की मधल्या आणि अगदी तळाच्या साड्या काढा. पदराच्या सुट्या दशांतून उभा धागा आणि साडीच्या ब्लाऊजकडच्या टोकातून आडवा धागा, असे दोन्ही ओढा. दोन्ही का, तर एका बाजूला सूत आणि दुसऱ्या बाजूला पॉलिस्टर घालून विणलेलं कापड हाताला बरंच सुती लागतं. धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि राखाडी, भुरभुरीत राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख बोटांनी चुरडते. पॉलिस्टर आक्रसून वितळतं, टोकाला काळी कडक गाठ येते, ती चुरडत नाही.

ही परीक्षा नुसत्या पैशांसाठी नाही. हळदीला औक्षणाचं तबक फिरतं, पाटाजवळ समई असते, पदर सुटे असतात. पॉलिस्टरने पेट घेतला तर ते वितळून कातडीला चिकटतं. मे महिन्यात मांडवात त्या कापडात घाम जिरत नाही हा त्रास वेगळाच.

आता मीटरपट्टी. सहावारी साडी साडेपाच मीटर आणि ब्लाऊजचे 80 सेंटीमीटर, मिळून 6.30 मीटर भरायला हवं. स्वस्त गठ्ठ्यात ब्लाऊज धरूनच साडेपाच मीटर असतं. ब्लाऊज कापला की नेसायला 4.70 मीटर उरतं. निऱ्या तीन-चारच येतात आणि पदर आखूड पडतो. म्हणून मोजल्याशिवाय एकही ब्लाऊजपीस शिंप्याकडे जाऊ देऊ नका, कापला की तुमची बाजू लंगडी पडते.

रंगाची फसवणूक ओळखायला आणखी अवघड. पांढरा सुती रुमाल ओला करून लाल काठावर दहा वेळा घासा. रुमाल गुलाबी झाला तर तो काठ हळदीच्या ओल्या अंगावर पिवळ्यात उतरणारच. नंतर तक्रार केली की दुकानदार म्हणतो, ‘हळदीला साबण लावलात, म्हणून लाल झालं.’ यात अर्धं सत्य आहे. हळद साबणाच्या किंवा चुन्याच्या क्षाराने लाल होते. पण तो लाल डाग लिंबाचा रस टाकला की पुन्हा पिवळा होतो आणि धुऊन उन्हात वाळवला की फिकटतो. काठाचा उतरलेला रंग लिंबाने पिवळा होत नाही. ‘या कापडाला हळदीचा डाग पडत नाही’ हेही विकताना सांगतात. पॉलिस्टरला हळद कमी धरते हे खरं, पण हळदीतलं तेल त्याला घट्ट धरतं आणि मेणचट डाग राहतो.

नवरीसाठी रेशमी घेणार असाल तर सिल्क मार्कचं लेबल पाहा आणि त्यावरचा कोड स्कॅन करा. ते लेबल रेशीम शुद्ध असल्याचं सांगतं, हातमागाचं असल्याचं नव्हे. हातमागाची म्हणून पैठणी दाखवली तर पदर उलटा करा: हातविणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते, यंत्राच्या नक्षीमागे लोंबते किंवा कापलेले धागे असतात.

फसलाच असाल तर कापणं लगेच थांबवा, बिल, शिक्क्याचा तुकडा आणि मीटरपट्टीसह फोटो जपून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. पैसे ऑनलाइन घेऊन विकणारा गायबच झाला असेल तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा; पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात.