बाळाच्या एक्झिमासाठी साधी पेट्रोलियम जेली, चिकट आहे पण चार स्टार

आधीच सांगते, हिला वास नाही, रंग नाही, डबा पण एकदम बोअर. बाळाला जवळ घेतल्यावर मस्त बेबीवाला वास यायलाच हवा असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे नाहीये.

आमचं पिल्लू चार महिन्यांचं असताना गाल लालभडक झाले, मग हातांवर आणि पोटऱ्यांवर खरखरीत चट्टे, रात्री गादीवर गाल घासून घासून रडायचा आणि आम्ही दोघं आळीपाळीने त्याचे हात धरून बसायचो. गंमत म्हणजे डायपरच्या आतली कातडी एकदम मऊ! डॉक्टर म्हणाल्या बाळांच्या एक्झिमात (कातडी कोरडी, लाल होऊन खाजते तो त्रास) बहुतेक वेळा तसंच असतं, तिथे ओल टिकते ना. त्याआधी आम्ही एक सुगंधी बेबी लोशन फासत होतो, नाव नाही घेत, वर मोठ्या अक्षरात 'नॅचरल' लिहिलेलं, लावलं की हा किंचाळायचा आणि मला वाटायचं झोप आली असेल. आता लेबलवर 'फ्रेग्रन्स फ्री' आहे का तेच बघते, कारण 'अनसेंटेड' लिहिलेल्यात कधीकधी वास झाकायला दुसरा वास घातलेला असतो.

तर जेली. डब्यावर व्हाइट पेट्रोलियम जेली किंवा व्हाइट सॉफ्ट पॅराफिन एवढंच लिहिलेलं असतं, दुसरं काही नाही. ही कातडीला पाणी देत नाही, आतलं पाणी उडू देत नाही, आणि हे न कळल्यामुळे पहिला आठवडा माझा फुकट गेला, कोरड्याठाक गालांवर चोळत बसले होते. आता कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरकते, अंग टॉवेलने फक्त टिपते आणि ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, जेली लावून मोकळी. अंगावरची लव ज्या दिशेने असते त्या दिशेने खाली खाली पसरवायची, रगडायची नाही. आणि कंजूषपणा नको, सगळ्या अंगावर कोरडेपणा असेल तर लहान मुलालाही आठवड्याला २५० ग्रॅमपर्यंत लागू शकतं हे ऐकून मी उडालेच होते, मी वाटाण्याएवढी घेत होते!

पण हे औषध नाही हं. चट्टा लाल होऊन भडकला की नुसत्या जेलीने शांत होत नाही, आमच्या डॉक्टरांनी तेव्हा थोडे दिवस सौम्य हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉईडचं मलम) दिलं. स्टेरॉईड म्हटल्यावर मला धडकीच भरली होती, म्हणून दोन दिवस लावलंच नाही, आणि त्या दोन दिवसांत बाळाने खाजवून गालातून रक्त काढलं. सांगितलं तेवढंच आणि तेवढेच दिवस लावलं तर घाबरायचं कारण नव्हतं. पिवळट खपल्या, पाणी गळणं, किंवा ताप आणि बारीक फोड आले तर मात्र जेली बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता तक्रारी. भयंकर चिकट, माझा एकही टीशर्ट वाचला नाही. लावल्यावर बाळ हातातून माशासारखं निसटतं, त्यामुळे जमिनीवर बसूनच लावा. खूप उकडत असताना जाड थर दिला तर छातीवर बारीक पुरळ आलं, तेव्हा दिवसा क्रीम आणि रात्री जेली असं सुरू केलं. बोटं डब्यात घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर जंतू आत जातात. आणि जेली मुरलेले कपडे पटकन पेट घेतात, धुतल्यावरही जेली पूर्ण जात नाही, त्यामुळे असे कपडे किंवा पांघरूण आगीजवळ नकोच.

मग जेलीच का, लोशन का नाही? खरं तर ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर झालेल्या एका अभ्यासात (२०२२) लोशन, क्रीम, जेल, ऑइंटमेंट (आपली जेली यातलीच) यांत कुठलंच दुसऱ्यापेक्षा सरस ठरलं नाही. म्हणजे तुमचं बाळ ज्याला कमी रडेल आणि तुम्ही रोज न कंटाळता जे लावाल ते घ्या, आमच्याकडे हे टिकलं, कारण याने त्याला चुरचुरत नाही.

एक स्टार कापलाय तो झाकणासाठी. चिकट हातांनी उघडतच नाही, रात्री तीनला तर अजिबातच नाही.