पायाचं मसाज मशीन आणि माझा पेसमेकर: आठेक महिन्यांच्या वापरानंतर

मशीन गेल्या पंधरवड्यात बंद पडलं. डावा कप्पा नुसता घरघरायचा, पाय दाबायचाच नाही. सर्व्हिसचा माणूस आला आणि मला शेजारी बसवून मशीन चालू करायला लागला. मी म्हटलं, थोडं लांबून करा, मला पेसमेकर आहे. त्यानं लगेच पुस्तिका मागितली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, पेसमेकरवाल्यांनी वापरू नये असं लिहिलंय. वॉरंटी मिळणार नाही." आतला पट्टा तुटण्याचा आणि माझ्या हृदयाचा काय संबंध, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, फोनवरच्या त्याच्या साहेबांकडेही नव्हतं.

राग येण्याचं कारण वेगळं आहे. खरेदीच्या वेळी मी दुकानात पेसमेकरचं सांगून विचारलं होतं. "बिनधास्त घ्या काकू" हे उत्तर मिळालं. खोक्यावर बाहेर एक शब्द नाही, सूचना आत, मुंगीएवढ्या अक्षरांत, तीही इंग्रजीत. विकताना चालतं आणि दुरुस्तीच्या वेळी चालत नाही, हे मला मान्य नाही.

वापर मी दुकानदाराच्या भरवशावर सुरू केला नाही. पुस्तिका घेऊन इथं नागपुरात धंतोलीत माझ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं ते असं: मोटर असलेली घरगुती वस्तू पेसमेकरपासून किमान सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर लांब हवी. माझा पेसमेकर डाव्या कॉलरबोनखाली, मशीन पायाशी, त्यामुळे माझ्या बाबतीत हरकत नाही. जोरदार चुंबक पेसमेकरच्या अगदी जवळ आलं तर तो हृदयाचे स्वतःचे ठोके बघणं थांबवून एका ठरलेल्या गतीनं ठोके देत राहतो. चुंबक दूर नेलं की पूर्ववत होतो. ज्यांना झटका देणारं आयसीडी यंत्र बसवलंय त्यांचं प्रकरण आणखी नाजूक, कारण चुंबकामुळे तो झटकाच थांबू शकतो. त्यांनी माझं वाचून ठरवू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं. नुकताच पेसमेकर बसलेल्यांनी, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि पायात गुठळी झालेल्यांनीही आधी विचारावं.

आता चाकांबद्दल. या मशीनला चाकं नाहीत! वजन दहा किलोच्या आसपास, धरायला खाच नाही. दिवाणाखालून ओढून काढायचं आणि दुसऱ्या खोलीत न्यायचं तर ते छातीशी कवटाळूनच उचलावं लागतं. म्हणजे पायाशी ठेवायची वस्तू नेमकी पेसमेकरला टेकते. बटण बंद केलं तरी मोटरमधलं चुंबक चुंबकच राहतं. आमचे हे पहिल्याच दिवशी ओरडले, "काऊन उचलून राहिली तू? ठेव तिथं." तेव्हापासून मशीन हॉलमध्ये एका जागी असतं, हलवायचं तर तेच हलवतात. एवढे पैसे घेऊन चार चाकं लावायला काय जातं? ज्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे बनवतात, त्यांच्या घरात ते उचलणार कोण?

सुरुवातीला मला हे मशीन म्हणजे अकरा हजारांची चैन वाटत होती. शाळेत फळ्यासमोर उभं राहून पोटऱ्या गेलेल्या, त्यासाठी तिळाचं तेल पुरे, असं माझं मत. दिवाळीनंतर मत बदललं. रात्री झोपण्याआधी पंधरा मिनिटं, सगळ्यात हळू गतीवर, की पायांचा ठणका उतरतो आणि झोप मोडत नाही. गरम करायची सोय नागपूरच्या मे महिन्यात निरुपयोगी, डिसेंबरात मात्र छान वाटते.

मुलानं मानेवर घ्यायचं मसाजरही पाठवलं होतं. त्याचे पट्टे छातीवरून येतात आणि मोटर पेसमेकरच्या अगदी जवळ येते. ते मी नणंदेला देऊन टाकलं. हातात धरून ठोकायची मसाज गन छाती-खांद्याकडे नकोच. एका नातेवाइकांकडे मसाजच्या खुर्चीत बसले तेव्हा ऑक्सिमीटरवर नाडी वाढलेली दिसली. पेसमेकर तपासणीच्या वेळी तंत्रज्ञांना विचारलं. ते म्हणाले, शरीराची हालचाल ओळखून ठोके वाढवणारा सेन्सर आत आहे, सगळं अंग हललं की तो तुम्ही चालताय असं समजू शकतो. त्यानंतर मी त्या खुर्चीत बसले नाही.

आणि कृपा करून पायाखाली घालायची ती पातळ चटई घेऊ नका, जिच्यातून करंटच्या मुंग्या येतात. तीही 'फूट मसाजर' म्हणूनच विकली जाते. ती कंप देत नाही, अंगात वीज सोडते. ते धक्के हृदयाचेच ठोके आहेत असं समजून पेसमेकर आपला ठोका रोखू शकतो. ज्याचं हृदय पूर्ण पेसमेकरवर चालतं त्याला चक्कर येऊन तो पडू शकतो. दुखणं कमी करायला करंट देणारं टेन्स यंत्र आणि स्नायूंना करंट देणारे पट्टेही त्यातलेच.

दुरुस्ती शेवटी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात झाली. दुकानातल्या मुलानं उघडून पाहिलं, "काकू, मोटर चांगली आहे, पट्टा गेला बस," म्हणाला आणि साडेतीनशे रुपयांत करून दिलं. कंपनीकडे ते साडेतीनशे मी मागितले आहेत. उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर तक्रार नोंदवणार आहे. मशीनला पाचपैकी तीन तारे, सर्व्हिसला शून्य.